ओढणारी नव्हे, आवरणारी गाडी

२५ एप्रिल १९७२ ला हान्स-वेर्नर ग्रोसे हा जर्मन वैमानिक उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकहून इंजिन नसलेल्या विमानात निघाला आणि त्याच दिवशी फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बियारिट्झला उतरला. सरळ रेषेत सुमारे १,४६० किलोमीटर, निव्वळ वाऱ्याच्या आणि वर चढणाऱ्या ऊन हवेच्या जोरावर. ग्लायडिंगच्या दुनियेत हे उड्डाण आजही कौतुकाने सांगितलं जातं. अशा कथांत एक गोष्ट मात्र झाकून जाते. ग्लायडर एकदा जमिनीला टेकलं की आपलं आपण उठत नाही. मग एकतर इंजिनाचं विमान बोलावून, दोरीला बांधून ते वर न्यायचं, नाहीतर पंख काढून, ट्रेलरमध्ये घालून रस्त्याने घरी आणायचं. युरोपात लांबच्या उड्डाणाला निघणारा वैमानिक त्यामुळे विमानाइतकीच काळजी आणखी एका गोष्टीची करतो. ती म्हणजे क्लबच्या मैदानावर उभा असलेला लांबलचक पांढरा ट्रेलर, आणि तो ओढायला कोणती गाडी आहे.

पुण्यात हडपसरचं ग्लायडिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे जरा नवं वाटेल. तिथे विंचने दोर ओढून ग्लायडर वर चढवतात, ते आकाशात घिरट्या घालतं आणि त्याच मैदानावर परत उतरतं. ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत शंभर-दोनशे किलोमीटरवर जाऊन परत येण्याचा बेत आखलेला असतो, आणि दुपारी ढग सपाट झाले, हवेचं चढणं थांबलं, की कुणाच्या तरी गव्हाच्या कापलेल्या शेतात उतरण्यावाचून गत्यंतर नसतं. मग फोन जातो, क्लबातलं कुणीतरी गाडीला ट्रेलर जोडतं आणि निघतं. याला ग्लायडरवाले ‘रिट्रीव्ह’ म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेला एखादा मराठी माणूस या छंदात पडला, तर वर्षा-दोन वर्षांत त्याच्यापुढे हा प्रश्न उभा राहतोच: आता गाडी कोणती घ्यावी?

बहुतेकजण सुरुवात इंजिनापासून करतात. किती सीसी, किती अश्वशक्ती, डिझेल की पेट्रोल. मला वाटतं, सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. ग्लायडरचा ट्रेलर ओढणं हे फारसं अवघड काम नाही. तो आवरणं अवघड आहे.

वजनाचा हिशोब करून पाहू. पंधरा मीटर पंखविस्ताराचं, एका माणसाचं ग्लायडर रिकामं असताना अडीचशे किलोच्या आसपास भरतं. ते ज्यात बसतं तो ट्रेलर मात्र त्याच्या दुपटीहून जड असतो. सगळं मिळून ९०० ते १,१०० किलो. म्हणजे खरं तर आपण ट्रेलरच ओढत असतो, विमान त्यात पाहुणं. दोन माणसांचं मोठं ग्लायडर असेल तर आकडा १,३०० ते १,५०० किलोपर्यंत जातो. मध्यम आकाराच्या कुठल्याही आधुनिक मोटारीला हे झेपतं. शिवाय हा ट्रेलर बुटका आणि अरुंद असतो. आत मध्यभागी विमानाचं धड, दोन्ही बाजूंना कडेवर उभे केलेले पंख, आणि वरून निमुळतं झाकण. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर ओढताना हवेची भिंत फोडत जावं लागतं. ग्लायडरचा ट्रेलर मोटारीच्या आडोशानेच सरकतो, त्यामुळे इंधनही बेताने वाढतं. बहुधा तो मोटारीपेक्षा अरुंद असल्यामुळे बाजूला वेगळे लांब आरसेही लावावे लागत नाहीत.

पण लांबी! पंखाचा एकेक तुकडा सात-साडेसात मीटरचा, म्हणून ट्रेलर आठ ते दहा मीटर. मोठ्या ग्लायडरचा त्याहून लांब. एखादी वस्तू डावी-उजवीकडे फिरायला लागली की तिला थांबवणं किती कठीण, हे नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन मध्यापासून किती दूर पसरलं आहे, यावर ते ठरतं, आणि अंतर दुप्पट झालं की हा अडथळा चौपट होतो. मोटारवेवर एखादा मोठा ट्रक बाजूने पुढे जातो, त्याने ढकललेली हवा आधी ट्रेलरच्या शेपटाला आणि मग पुढच्या भागाला लागते. ट्रेलर किंचित डुलतो. कमी वेगात हे डुलणं दोन-तीन हेलकाव्यांत विझतं. वेग वाढवत नेला की विझायला जास्त वेळ लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे ते विझतच नाही, उलट प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातं. मग ट्रेलर गाडीला नाचवतो. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. उलट-सुलट स्टीअरिंग फिरवणाऱ्याचा निकाल लवकर लागतो.

ट्रेलर लांब असण्याचा फायदाही आहे, हे सांगायला हवं. जोडणीपासून चाकांपर्यंतचं अंतर मोठं असल्यामुळे तो हळूहळू डुलतो, झटके देत नाही. नीट भरलेला, नीट टायरवरचा ग्लायडर ट्रेलर कितीतरी कॅरॅव्हॅनपेक्षा शांत चालतो. तो बिथरतो तेव्हा बहुधा दोष भरण्यात, टायरमध्ये किंवा मोटारीच्या निवडीत असतो.

मोटारीच्या निवडीत पहिली पाहण्याची गोष्ट कुठल्याही जाहिरातीत नसते. मागच्या चाकांच्या आसापासून टो-बॉलपर्यंतचं, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्याला अडकवतात तिथपर्यंतचं, अंतर. ट्रेलर डुलतो तेव्हा तो त्या बॉलला बाजूला ढकलतो. बॉल आसापासून जितका मागे, तितका त्याला मोटार फिरवायला मोठा दांडा मिळतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जास्त असेल तर मोटार त्या ढकलण्याला अधिक नेटाने तोंड देते. म्हणजे लांब चाकतळाची, मागे कमी लोंबणारी आणि स्वतः वजनदार गाडी हवी. उंच, आखूड जीप पाहून ‘ही काय वाटेल ते ओढेल’ असं वाटतं. ओढेलही, पण बाजूच्या वाऱ्यात एखादी बसकी एस्टेट, म्हणजे लांब डिकीची मोटार, तिच्याहून जास्त भरवशाची ठरू शकते. ब्रिटिश कॅरॅव्हॅनवाल्यांत एक जुना नियम चालतो की भरलेल्या ट्रेलरचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. हा कायदा नाही, नवख्यांसाठीचा शहाणा सल्ला आहे. १,४५० किलोच्या मोटारीमागे हजार किलोचा ट्रेलर म्हणजे सत्तर टक्क्यांच्या खाली, म्हणजे सुखाचा संसार. तीच मोटार दोन आसनी ग्लायडरच्या १,४०० किलोच्या ट्रेलरला जोडली तर ९७ टक्के होतात. दोन माणसांचं विमान भागीदारीत घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा, कारण त्यांच्यातल्या सगळ्यांच्याच गाड्या ते ओढायला योग्य असतील असं नाही.

दुसरी गोष्ट बॉलवरचा भार. आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे फार झालं की बैलांची मान दबते. ट्रेलरचं तंतोतंत तसंच आहे. बॉलवर अगदी थोडा भार असेल, किंवा ट्रेलर उलाळ होऊन तो बॉलला वर उचलत असेल, तर डुलणं सुरू व्हायला निमित्त लागत नाही. म्हणून ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार बॉलवर असावा असं धरतात. हजार किलोला ५० ते ७० किलो. आता मोटारीकडे पाहा. काही लहान गाड्यांना बॉलवर ५० किलोच चालतात, मध्यम एस्टेटना ७५-८०, मोठ्या गाड्यांना शंभर किंवा अधिक. मोटार, बॉल ज्याला बसवलेला असतो तो टो-बार आणि ट्रेलरचं तोंड या तिघांवर आपापली मर्यादा छापलेली असते, आणि त्यातली सगळ्यात लहान ती आपली. लहान गाडी ग्लायडर ट्रेलरसाठी अनेकदा इथेच नापास होते. ओढण्याची ताकद असते, पण खांद्यावर घेण्याची नसते.

आणि हा भार नुसता मागे बसत नाही, तो पुढून उचलतोही. समजा बॉलवर ७५ किलो आहेत, बॉल आसाच्या १.१ मीटर मागे आहे आणि चाकतळ २.७ मीटर आहे. मागच्या चाकांवर सुमारे १०५ किलो वाढतात आणि पुढच्यांवरून ३० किलो कमी होतात. डांबरी रस्त्यावर या तीस किलोंचं कुणाला काही नाही. ओल्या गवतावर, चढाला, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ते तीस किलो फार आठवतात. ते पुढे येईलच.

कागदोपत्री पाहायचं झालं तर दारापाशी किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावर चार आकडे. वरून पहिला मोटारीचं माणसा-सामानासकट जास्तीत जास्त वजन, दुसरा मोटार आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त, खालचे दोन पुढच्या-मागच्या आसांचे. पहिला २,००० आणि दुसरा ३,४०० असेल, तर भरलेल्या गाडीमागे १,४०० किलो चालतील. दुसरा आकडा नसेलच, तर त्या गाडीला काहीही ओढायची परवानगी नाही. टो-बार बसवून देणारा कुणी भेटला तरी नाही. या आकड्यामागची परीक्षा मजेशीर आहे. १२ टक्के चढावर, पूर्ण भाराने, पाच मिनिटांत पाच वेळा गाडी जागेवरून निघाली पाहिजे. म्हणजे कंपनीने जाहीर केलेला ओढण्याचा आकडा हा चढावर निघण्याचा आणि यंत्र न तापण्याचा दाखला आहे. शंभरच्या वेगात ट्रेलर कसा वागेल, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

संकरित (हायब्रिड) गाड्यांचं गणित इथेच अडतं. टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस युरोपात ओढण्यासाठी मंजूरच नव्हती, चौथ्या पिढीला ७२५ किलो मिळाले. दोन्ही ठिकाणी ग्लायडरच्या ट्रेलरला दार बंद. त्याच कंपनीच्या आरएव्ही-४ संकरित गाडीत दोन चाकं चालणाऱ्या प्रकाराला ८०० आणि चारही चाकं चालणाऱ्याला १,६५० किलो अशी तफावत आहे. नाव तेच, रंग तोच, विक्रेताही तोच. तेव्हा ‘अमुक मॉडेल चालतं’ असं ऐकून गाडी घेऊ नये, त्याच गाडीच्या पट्टीवरचा आकडा वाचावा. या संकरित गाड्या मागे जाताना केवळ विजेच्या मोटरवर जातात, इंजिनाचं बळ चाकांपर्यंत पोचत नाही. दहा मीटरचा ट्रेलर चढावर मागे ढकलताना हे जाणवतं. साध्या गिअरच्या गाडीत तेच काम क्लच घासून होतं, आणि मैदानावर तो जळका वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. जुन्या धाटणीचा, तेलातून बळ देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या कामाला सगळ्यात सोशिक. माझं मत विचाराल तर ट्रेलर वारंवार मागे घ्यावा लागत असेल तर मी अश्वशक्तीपेक्षा याला जास्त गुण देईन.

विजेवरच्या गाड्या वजनदार, बुडाला जड आणि जागेवरून जोरात निघणाऱ्या. डुलणाऱ्या ट्रेलरला आवरायला उत्तमच. टेस्ला मॉडेल वायला युरोपात १,६०० किलोंची परवानगी आहे, फोक्सवॅगन आयडी-३ ला मात्र ट्रेलर ओढायची परवानगी नाही. खरी अडचण अंतराची. ट्रेलर बुटका असल्यामुळे कॅरॅव्हॅनइतकी बॅटरी खात नाही, पण रिट्रीव्ह ठरवून होत नाही. फोन येतो तेव्हा गाडी सकाळी घरून क्लबपर्यंत येऊन निम्मी उतरलेली असते, आणि वैमानिक दीडशे किलोमीटरवर कुठल्यातरी खेड्याबाहेर कुंपणाशी वाट पाहत असतो. वाटेतल्या चार्जरवर गाडी नाक खुपसून उभी करायची असते, त्यामुळे ट्रेलर सोडून कुठेतरी ठेवावा लागतो. क्लबच्या मैदानावर चार्जर असेल तर हा आक्षेप बराच सौम्य होतो.

आता ते शेत. गाडी निवडताना लोक मोटारवे डोळ्यांसमोर ठेवतात, पण कस लागतो तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. संध्याकाळ झालेली, गवतावर दव, फाटक अरुंद, आत उतार. पहिली गोष्ट गाडीची नाहीच: शेतकऱ्याला शोधून परवानगी विचारायची. उभ्या पिकात गाडी घालायची नाही. तीन-चार माणसं असतील तर पंख हातांवर उचलून फाटकापर्यंत आणता येतात. आत जावंच लागलं तर चारही चाकं चालणारी गाडी उपयोगी, पण तिच्याबद्दल एक गैरसमज आहे. चार चाकांवर बळ गेलं तरी ओल्या गवतावर पकड टायरचीच. गुळगुळीत उन्हाळी टायर घातलेली, चारही चाकं चालणारी गाडी आणि चांगले बारमाही टायर घातलेली साधी गाडी, यांत मी दुसरीवर पैसे लावीन. दोन्ही असतील तर प्रश्नच मिटला. म्हणून स्कोडा ऑक्टाव्हियाची चारही चाकं चालणारी एस्टेट, सुबारू आउटबॅक किंवा खिसा आखूड असेल तर डाचिया डस्टरची तशीच आवृत्ती, अशा गाड्या या कामाला साजतात. बुडाखाली थोडी जास्त जागा, मागे वैमानिक, पॅराशूट, ग्लायडरच्या शेपटाखाली लावायची चाकगाडी आणि ओल्या बुटांची पिशवी मावेल एवढी डिकी. मोठ्या डिकीला एरवी सोय म्हणतात, पण रात्री अकराला घरी निघताना ती चैन वाटते.

शेतातून बाहेर पडताना ट्रेलरचं शेपूट विसरू नये. त्याची चाकं मध्याजवळ असल्यामुळे गाडी डावीकडे वळते तेव्हा मागचं टोक उजवीकडे झेपावतं. अरुंद ब्रिटिश गल्लीत ते टोक समोरून येणाऱ्याच्या दारावर जाऊ शकतं. इथे गाडीचा काही उपयोग नाही, पाठीमागे नजर ठेवावी लागते.

मदतीला यंत्रं आहेत. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ट्रेलर डुलू लागला की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून डोल मोडणारी यंत्रणा असते. ती जागी व्हायला ‘मागे ट्रेलर आहे’ हे गाडीला कळावं लागतं, आणि ते कळतं त्याच गाडीसाठी बनवलेल्या वायरिंगमधून. स्वस्त सर्वसामान्य वायरिंग बसवलं तर दिवे लागतात, गाडी मात्र बेखबर राहते. टो-बारवर वाचवलेले पैसे असे महाग पडतात. ट्रेलरच्या तोंडात घर्षणाच्या गाद्या बॉलला घट्ट धरणारं उपकरणही मिळतं. त्यासाठी बॉल कोरडा, ग्रीस पुसलेला हवा. ‘वंगण लावलंय बरं का’ म्हणणाऱ्या उत्साही मदतनीसापासून सावध.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ट्रेलरसह मोटारवेवर मर्यादा ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०. डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. जर्मनीत साध्या परवान्यावर मोटार आणि ट्रेलरच्या कमाल वजनांची बेरीज ३,५०० किलोत बसवावी लागते, त्यापुढे वाढीव परवाना. तिथे ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर ही मर्यादा, पण अटी पाळल्या तर शंभरचं मंजुरीपत्र मिळतं. ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत, त्याला ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर हवेत. असा ट्रेलर मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या १.१ पट चालतो, कॅरॅव्हॅन मात्र ०.८ पटच. उंच आणि बुटक्या ट्रेलरमधला फरक कायद्यालाही कळतो तर. ब्रिटनमध्ये ट्रेलरवर ओढणाऱ्या मोटारीचीच नंबरप्लेट लागते. घाईत दुसऱ्याची गाडी जोडून निघालेला ग्लायडरवाला हीच वस्तू हमखास विसरतो. जर्मनीत ट्रेलरला स्वतःची हिरव्या अक्षरांची प्लेट असते, क्रीडासाहित्य म्हणून करातून सूट.

जुनी गाडी घेणार असाल तर विक्रेत्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष न देता टो-बॉलकडे पाहा. नवा असताना त्याचा व्यास ५० मिलिमीटर असतो, ४९ च्या खाली झिजला असेल तर तो बदलायचा. फार झिजलेला बॉल म्हणजे या गाडीने बरंच ओढलं आहे, तेव्हा चढावर थांबवून गाडी निघते कशी आणि क्लच कुठे धरतो हे तपासा. टो-बारवर मंजुरीची पट्टी आहे का ते पाहा. डिकीचं बूड उचला: तिथे जादा चाकाऐवजी पंक्चर बुजवणाऱ्या फेसाची बाटली निघाली तर जॅकही बहुधा नसेल, आणि ट्रेलरचं चाक मोटारीच्या चाकाशी जुळत नाहीच, तेव्हा ट्रेलरसाठी वेगळं चाक आणि वेगळा जॅक यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.